जीवाणूंच्या घरातील मोट

अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध कसा लागला, ती हकीकत बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेली असते. त्या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र तितक्या आवडीने सांगितला जात नाही. पेनिसिलिन रोग्यांच्या हाती पडण्यापूर्वीच, म्हणजे १९४० साली, ऑक्सफर्ड येथील एडवर्ड एब्रहॅम व अर्न्स्ट चेन यांना असे आढळून आले की, काही जीवाणूंच्या अंगी पेनिसिलिनचा रेणू फोडून तो निकामी करणारे एक विकर असते. औषध बाजारात येण्याआधीच त्याचा उतारा निसर्गात तयार होता! पुढे पेनिसिलिनचे कारखाने जगभर निघाले. आपल्याकडेही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली. परंतु औषध आणि जंतू यांचा हा सामना तेव्हापासून आजपर्यंत थांबलेला नाही.

या सामन्यात जीवाणूंच्या बचावाच्या अनेक रीती आहेत. कोणी औषधाचाच नाश करतो. कोणी औषध पेशीतील ज्या जागी जाऊन चिकटावयाचे ती जागाच किंचित बदलून टाकतो. कोणी आपली दारे अरुंद करून घेतो. या तिन्ही रीती समजावयास सोप्या आहेत. चौथी रीत याहूनही साधी आहे आणि कदाचित म्हणूनच ती शास्त्रज्ञांच्या नजरेतून बरीच वर्षे निसटली. ती रीत म्हणजे आत शिरलेले औषध जसेच्या तसे उपसून बाहेर टाकणे. औषध फुटत नाही, बिघडत नाही, बदलत नाही. ते फक्त घराबाहेर काढले जाते. प्रस्तुत लेखात या चौथ्या रीतीचाच विचार करावयाचा आहे.

तिची कथा टेट्रासायक्लिन या औषधापासून सुरू होते. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या शेतातील मातीच्या एका नमुन्यात बेंजामिन डुगर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञांना एक सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला, आणि त्यापासून मिळालेले ऑरिओमायसिन हे औषध १९४८ साली लेडर्ली प्रयोगशाळेने जाहीर केले. टेट्रासायक्लिनच्या कुळातील हे पहिले औषध होय. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा ज्यांच्याकडे होती ते डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या संशोधकाचे नाव आपल्या देशातही थोड्यांनाच ठाऊक असावे, ही खेदाची गोष्ट आहे.

जीवाणूच्या पेशीत प्रथिने घडविणारे असंख्य सूक्ष्म कारखाने असतात. त्यांस रायबोसोम म्हणतात. टेट्रासायक्लिनचा रेणू रायबोसोमला जाऊन बिलगतो आणि तेथे येणारा कच्चा माल अडवितो. प्रथिने घडणे थांबले की जीवाणूची वाढ थांबते. मग उरलेले काम आपल्या शरीरातील रक्षक पेशी करतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. हे औषध पेशीच्या आत जाऊन रायबोसोमपर्यंत पोहोचले, आणि तेही पुरेशा प्रमाणात पोहोचले, तरच त्याचा उपयोग. पेशीच्या बाहेर ते कितीही असले तरी व्यर्थ.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानात रक्ती हगवणीच्या साथी चालू असत. १९५० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांना एक विलक्षण प्रकार दिसू लागला. हगवणीचे काही जंतू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन या चारही औषधांना दाद देईनासे झाले. एकेका औषधाविरुद्धची शक्ती स्वतंत्रपणे यावी, तर त्यास फार काळ लागावयास हवा होता. १९५९ साली कुनितारो ओचियाई व तोमोइचिरो आकिबा यांच्या संशोधनातून उलगडा झाला. आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा एश्चेरिशिया कोली हा जीवाणू ही सारी शक्ती नुसत्या संपर्काने हगवणीच्या जंतूला देऊ शकतो. या शक्तीचे लेख डीएनएच्या एका लहानशा कड्यावर असतात. त्या कड्यास प्लाझ्मिड म्हणतात. एका पेशीकडून दुसरीकडे या कड्याची नक्कल जाते, तीही जातीपातीचा विचार न करता.

टेट्रासायक्लिनविरुद्धचा लेख त्या कड्यावर होता हे कळले. पण त्या लेखात काय लिहिले होते? प्रतिरोधी जीवाणूंच्या पोटात टेट्रासायक्लिन कमी साठते, एवढे मोजून कळले होते. यावरून बहुतेकांनी सरळ अनुमान काढले की, हा जीवाणू औषधाला आत येऊच देत नाही. अनुमान अगदीच गैर नव्हते. घरात पाणी नाही म्हणजे छप्पर पक्के आहे, असे कोणीही म्हणेल. घरातील माणसे रात्रभर भांड्याने पाणी उपसत बसली असतील, हे बाहेरून कसे दिसावे?

हे दाखविणारा प्रयोग बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात स्ट्यूअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत झाला. लॉरा मकमरी, रिचर्ड पेट्रुची व लेव्ही यांनी तो १९८० साली प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो समजून घ्यावा इतका तो सुबक आहे. त्यांचा पहिला मुद्दा शक्तीचा होता. बंद दाराला बंद राहण्यासाठी काही श्रम पडत नाहीत. उपसणाऱ्याला मात्र श्रम पडतात. तेव्हा पेशीचा शक्तिपुरवठाच बंद पाडला तर काय होते ते पाहावे. औषध दारामुळे अडत असेल, तर शक्ती बंद झाल्यावरही ते बाहेरच राहील. उपसले जात असेल, तर ते आत साठू लागेल. प्रतिरोधी जीवाणूंत औषध कमी साठण्याचा गुण हा पेशीच्या शक्तीवर अवलंबून असल्याचे त्यांस दिसले. म्हणजे तेथे कोणीतरी राबत होते.

तथापि राबणाऱ्याला प्रत्यक्ष पकडावयाचे राहिले होते. त्यासाठी त्यांनी जी युक्ती योजिली तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. जीवाणूची पेशी विशिष्ट रीतीने फोडली म्हणजे तिच्या पटलाचे तुकडे आपोआप मिटून त्यांचे बारीक फुगे बनतात. यांतील फुगे असे मिळविता येतात की, त्यांची आतली बाजू बाहेर व बाहेरची आत झालेली असते. सदऱ्याची बाही उलटी करावी तशी. आता विचार करा. पेशीतून औषध बाहेर फेकणारे एखादे यंत्र पटलात बसविलेले असेल, तर उलट्या फुग्यात ते आतल्या बाजूस फेकू लागेल आणि फुगा औषधाने भरत जाईल. नेमके तसेच झाले. प्रतिरोधी जीवाणूंपासून केलेल्या उलट्या फुग्यांनी टेट्रासायक्लिन आत ओढून त्याचा साठा केला. साध्या जीवाणूंच्या उलट्या फुग्यांनी तसे केले नाही, आणि सुलट्या फुग्यांनी तर दोन्ही प्रकारांत केले नाही. चार निरनिराळ्या प्लाझ्मिडांवरील चार निरनिराळे लेख त्यांनी तपासले. चारही ठिकाणी निष्कर्ष तोच आला. त्याच वर्षी इंग्लंडात इयान चोप्रा व त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे औषध बाहेर टाकले जात असल्याच्या निर्णयाला आले.

हे यंत्र म्हणजे पटलात आरपार बसलेले एक प्रथिन आहे. त्यास बळ कोठून मिळते, हे कळण्यासाठी आपण विहिरीवरील मोटेकडे वळू. विजेच्या पंपांमुळे मोट आता दिसेनाशी झाली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. विहिरीच्या काठापासून एक उतरती धाव केलेली असते. बैल त्या धावेने खाली उतरतात, नाडा ताणला जातो आणि पाण्याने भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. बैल खाली जातो म्हणून पाणी वर येते. दोन्ही क्रिया एकाच दोराने बांधलेल्या असतात.

जीवाणूच्या पटलाशी अशीच एक धाव आहे. अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीच्या साहाय्याने पेशी हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, सतत बाहेर ढकलीत असते. त्यामुळे बाहेर त्यांची दाटी होते व ते परत आत येऊ पाहतात. या उतारावर पेशीची कितीतरी कामे चालतात, हा सिद्धान्त पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडला. आरंभी त्यास फार विरोध झाला. १९७८ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टेट्रासायक्लिनचा पंप याच उताराचा उपयोग करतो. एक प्रोटॉन उताराने आत येतो आणि त्याच्या मोबदल्यात, मॅग्नेशियमशी जखडलेला टेट्रासायक्लिनचा एक रेणू चढावर बाहेर जातो. प्रोटॉन हा येथला बैल, औषध हे पाणी.

यातील काटकसरही पाहण्याजोगी आहे. पंप विनाकारण चालू ठेवणे पेशीला परवडत नाही, म्हणून त्याच्या जनुकावर एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते व ते पंपाची निर्मिती रोखून धरते. टेट्रासायक्लिनचा थोडासा अंश आत आला की तो प्रथम या पहारेकऱ्यालाच चिकटतो. पहारेकरी जागेवरून ढळतो आणि पंप तयार होऊ लागतो. रायबोसोमचे काम बंद पडण्याइतके औषध साठण्यापूर्वीच हे घडून येते. म्हणजे चोरानेच घंटा वाजवावी, असा प्रकार!

टेट्रासायक्लिनचा हा पंप एकाच कुळातील औषधांपुरता असतो. याहून मोठी व अधिक चिंताजनक यंत्रे पुढे उजेडात आली. ती समजण्यासाठी जीवाणूंच्या दोन वर्गांची आठवण ठेवावी. हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली शोधलेल्या रंगविण्याच्या पद्धतीत काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडून देतात. रंग सोडणाऱ्या वर्गातील पेशींस एक नव्हे तर दोन पटले असतात व दोहोंच्या मधे थोडी मोकळी जागा असते. घराला भिंत आणि अंगणाला कुंपण असावे तसे. टेट्रासायक्लिनचा साधा पंप औषध अंगणात आणून टाकतो. मोठे यंत्र मात्र ते थेट कुंपणाबाहेर फेकते.

कोलीच्या पेशीतील अशा यंत्रास तीन भागांच्या नावांवरून अ‍ॅक्र-ए, अ‍ॅक्र-बी, टोल-सी म्हणतात. जखमेवर लावण्याचे अ‍ॅक्रिफ्लेव्हिन नावाचे एक पिवळे औषध पूर्वी प्रचारात होते. जनुक बिघडलेले जीवाणू त्या रंगाला लवकर बळी पडत, म्हणून हे नाव. आतल्या पटलात अ‍ॅक्र-बी, बाहेरच्या पटलातून टोल-सीचे नळकांडे, आणि दोहोंस सांधणारा अ‍ॅक्र-ए. टोल-सीची रचना २००० साली केंब्रिज येथे उलगडली. ते नळकांडे १४ नॅनोमीटर लांबीचे आहे, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. अ‍ॅक्र-बीची रचना ओसाका येथील सातोशी मुराकामी, अकिहितो यामागुची व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन सारखे घटक गोलाकार बसलेले असतात. २००६ साली जपानी व स्विस संशोधकांनी दाखविले की, हे तीन घटक कोणत्याही क्षणी एकाच स्थितीत नसतात. एक औषधासाठी तोंड उघडून असतो, दुसऱ्याने ते पोटात धरलेले असते, तिसरा ते नळकांड्यात ओतीत असतो. आणि मग प्रत्येकाची पाळी पुढे सरकते. मोटेवरून आता आपण रहाटगाडग्यावर आलो! एक गाडगे भरते, एक वर येते, एक रिकामे होते. फरक इतकाच की, येथे चाक प्रत्यक्ष फिरत नाही. घटक जागच्या जागी आकार बदलतात. बळ मात्र याही ठिकाणी प्रोटॉनच्या उताराचेच.

या यंत्राचे पोट ऐसपैस व तेलकट पदार्थांना जवळ करणारे आहे. त्यामुळे ते फारशी निवड करीत नाही. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कित्येक पेनिसिलिने, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी नवी औषधे, रंगद्रव्ये, साबणासारखे पदार्थ, जे हाती लागेल ते बाहेर. एका औषधामुळे या पंपाचे काम वाढले की जीवाणू दुसऱ्या चार औषधांनाही आपोआप कठीण होतो; त्या चारांशी त्याची कधी गाठही पडलेली नसते.

मग असा प्रश्न येतो की, मनुष्याने औषधे बनविण्याच्या कितीतरी आधी हे यंत्र जीवाणूंनी कशासाठी बाळगले? कोलीचे घर आपले आतडे आहे आणि आतड्यात पित्त उतरते. पित्तातील क्षार साबणाप्रमाणे स्निग्ध पटले विरघळवितात. ज्या कोलीमधून हा पंप काढून टाकला आहे, तो पित्तक्षारांपुढे हतबल होतो. तेव्हा हे आपल्याविरुद्ध घडविलेले शस्त्र नसून जीवाणूच्या संसारातील जुने भांडे आहे. आपली औषधे त्यात योगायोगाने सापडली. माझ्या मते या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. जे आपल्याशी लढण्यासाठी निर्माण झाले नाही, ते आपण औषध बंद केले म्हणून नाहीसे होईल अशी आशा कशी धरावी?

एवढे असूनही केवळ पंपाच्या जोरावर जीवाणू फार मोठ्या मात्रेपुढे टिकत नाही. फुटक्या होडीतील नावाड्याची गोष्ट घ्या. भोक लहान असेल तर एका वाडग्याने पाणी उपसून तो पैलतीर गाठील. भोक मोठे असेल तर दहा वाडगी अपुरी. दुहेरी पटलाच्या जीवाणूंत बाहेरचे पटल औषधाला फार हळू आत सोडते, म्हणून उपसा पुरा पडतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हिरोशी निकाइदो यांनी हा संबंध अनेक वर्षांच्या कामातून स्पष्ट केला. भाजलेल्या जखमांत व रुग्णालयांत त्रास देणारा स्यूडोमोनास हा जीवाणू कित्येक औषधांना जन्मतःच दाद देत नाही, त्याचे मोठे कारण हे की, त्याचे बाहेरील पटल फार घट्ट असून आत पंपही अनेक आहेत.

पंपाचा खरा लाभ निराळाच आहे. तो जीवाणूला वेळ मिळवून देतो. २०१८ साली बॉस्टन विद्यापीठातील इमान एल मूश व मेरी डनलॉप यांनी दाखविले की, एकाच वाणाच्या कोलींतही काहींत पंप अधिक व काहींत कमी असतात. ज्यांत ते अधिक असतात त्यांत डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण कमी असते, म्हणून त्यांत जनुकीय बदलही अधिक घडतात. म्हणजे जो तग धरून राहतो तोच नवे बदलही अधिक करतो. २०१९ साली फ्रान्समधील संशोधकांनी याहून नाट्यमय दृश्य सूक्ष्मदर्शकातून पाहिले. टेट्रासायक्लिनच्या सान्निध्यात एका साध्या कोलीला दुसऱ्याकडून प्रतिरोधाचे प्लाझ्मिड मिळते. पण नुसता लेख मिळून काय उपयोग? त्यावरून पंपाचे प्रथिन घडवावयाचे तर रायबोसोम चालू हवेत, आणि टेट्रासायक्लिन तर रायबोसोमच बंद पाडते. या पेचातून जुना, सर्वांच्या घरी असणारा अ‍ॅक्र-बीचा पंप सोडवितो. तो औषधाची मात्रा थोडी खाली ठेवतो. तेवढ्यात नवा पंप घडून होतो आणि पेशी वाचते. जुना पंप काढून टाकलेल्या पेशींना हे साधत नाही.

औषधाची अपुरी मात्रा घातक का, याचे उत्तर या दृश्यात आहे. १९४५ साली नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी कमी मात्रेत पेनिसिलिन घेण्याच्या धोक्याचा इशारा दिला होता. त्या वेळी पंपाची कोणास वार्ताही नव्हती. पंपाला उपसता येईल इतकेच औषध मिळाले, की जीवाणू मरत नाही, उलट त्यास तयारीला अवकाश मिळतो. कोंबड्यांची वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यात थोडेसे टेट्रासायक्लिन मिसळण्याची पद्धत अमेरिकेत बराच काळ होती. लेव्ही यांनी एका शेतावर हे खाद्य चालू करून पाहिले व १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांतील जवळजवळ सारे कोली टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले, आणि काही महिन्यांत त्या शेतावरील माणसांच्या आतड्यांतही तसे जीवाणू वाढले. त्या माणसांनी औषध घेतलेले नव्हते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला आहे. त्यांतील सारेच मृत्यू पंपामुळे नव्हेत. पण पुष्कळ प्रकारांत त्याचा हात असतो.

पंपच बंद पाडता आला तर? एक उपाय म्हणजे औषधाचा रेणू असा बदलणे की पंपाला तो धरता येऊ नये. २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टायजेसायक्लिन हे असे आहे. टेट्रासायक्लिनच्या साध्या पंपाला ते सहसा सापडत नाही. स्यूडोमोनासच्या मोठ्या पंपाने मात्र त्यालाही उपसले.

दुसरा उपाय पंपाच्या तोंडात बोळा घालण्याचा. येथे आपल्या ओळखीची एक वनस्पती भेटते. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. तिच्यातून निघालेले रेसर्पिन हे द्रव्य गळवे व पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूचा नॉर-ए हा पंप रोखते, असे १९९०नंतर दिसून आले. परंतु त्यासाठी लागणारी मात्रा मनुष्याला सोसवणारी नाही. जम्मू येथील संशोधकांनी २००६ साली काळ्या मिऱ्यातील पायपेरिनमध्येही हाच गुण दाखविला. अद्याप असे एकही द्रव्य जंतुरोगांवरील औषध म्हणून रुग्णालयात वापरात आलेले नाही. अडचण अशी की, आपल्या आतड्याच्या, यकृताच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींतही विषारी द्रव्ये बाहेर टाकणारे पंप आहेत. जंतूचा पंप बंद करताना आपला बंद पडून चालणार नाही.

वनस्पतींनी ही अडचण आपल्यापुरती सोडविलेली दिसते. दारुहळदीच्या कुळातील झुडपांत बर्बेरिन नावाचे पिवळे द्रव्य असते. ते जंतुघ्न खरे, पण स्टॅफिलोकॉकस ते नॉर-ए पंपाने सहज उपसून टाकतो. २००० साली अमेरिकन संशोधकांना याच कुळातील तेथल्या झुडपांत बर्बेरिनच्या जोडीला दुसरे एक द्रव्य सापडले. एकटे घेतले तर त्याने एकही जंतू मरत नाही. ते फक्त पंप बंद करते, आणि बर्बेरिनला आत थांबू देते.